जखमांचाही हिशेब हवा

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले रस्ते रात्री अधिक धोक्याचे होतात. एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते ती अगदी पुढ्यात आल्यावर. तो दगावला तर बातमी होते. पाय गमावून वाचला तर पुढचा हिशेब घरच्यांपुरताच उरतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले आणि ४,४३,३६६ जखमी झाले. जखमींपैकी किती जण पुन्हा कामावर जाऊ शकले, हे या आकड्यांतून कळत नाही. कडबाकुट्टीत बोटे गमावलेला शेतकरी किंवा विहिरीत पडलेला मजूर तर या अहवालात येतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, इजांमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख लोक मरतात. पण केवळ मृत्यू मोजून भागत नाही, हे ओळखून १९९०च्या दशकात संशोधकांनी ‘डॅली’ हे माप रूढ केले. अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि अपंगत्वासह काढलेली वर्षे यांची त्यात बेरीज होते. अपंगत्व जितके गंभीर, तितके त्या वर्षांचे वजन अधिक. विशीत अधू झालेल्या तरुणाचे नुकसान या मापात मोठे दिसते, कारण ते आयुष्यभराचे असते.

असा हिशेब जिल्हा पातळीवर सुरू करणे अवघड नाही. इजा कुठे, किती वाजता आणि कशामुळे झाली, सहा महिन्यांनी रुग्णाची स्थिती काय आहे, एवढे रुग्णालयांनी नोंदवले तरी नेमके वळण, नेमके यंत्र आणि नेमकी वेळ समोर येईल. मग उपायही नेमके करता येतील: कारखान्याच्या काट्यावरच रिफ्लेक्टरची तपासणी, कडबाकुट्टीला संरक्षक झाकण, विहिरीला कठडा.

रस्ते अपघातांतील मृत्यू आणि जखमींची संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवले आहे. अपघाताला नशिबाचा भोग म्हणणे सोपे असते. पण तोच अपघात त्याच वळणावर पुन्हा होत असेल, तर दोष नशिबाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.