जुडी मंडईची, पान कुंडीचे

घरी काही लावायचे ठरले की पहिला मान कोथिंबिरीला मिळतो. धणे हलके रगडून पेरायचे, कोंबांची वाट पाहायची, आणि महिना-दीड महिन्याने कुंडीतून जे हाती लागते ते वड्यांच्या एका घाण्यालाही पुरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर ती पाने सोडून फुलावरच येते. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: जे जुडीने लागते ते मंडईतून आणावे, जे दोन पानांपुरते लागते ते खिडकीत लावावे.

कढीपत्ता पहिला. भाजीवाली तो आपणहून पिशवीत टाकते, पण फ्रीजमध्ये तो काळा पडतो आणि वाळला की वास गमावतो. मोहरी तडतडल्यावर झाडावरून तोडलेली डहाळी तेलात पडली, तर शेजाऱ्यांनाही कळते. एकेक पान ओरबाडू नये. शेंडा खुडावा, म्हणजे खालून फांद्या फुटतात.

गवती चहाचा बुंध्यासकट कोंब मातीत रोवला की बेट होते. पाती कात्रीने कापावी, तिची धार बोटाला लागते. चहात ती आधी पाण्यातच उकळावी, दूध नंतर. पुदिन्याची पाने चटणीला वापरा आणि काड्या पाण्यात ठेवा. मुळे फुटली की लावा. मात्र त्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजारच्या झाडाला जागा ठेवत नाही.

पण खिडकीचे खरे सोने म्हणजे हळद. मे-जूनमध्ये डोळा असलेला ओल्या हळदीचा तुकडा मातीत पुरला की श्रावणात हातभर पाने डोलतात. पानावर तांदळाची उकड पातळ थापायची, गूळ-खोबऱ्याचे सारण घालायचे, पान मिटून वाफवायचे. कोकणात नागपंचमीला होणाऱ्या या पातोळ्यांची निम्मी चव पानाच्या वासात असते. साध्या इडलीखाली हे पान घातले तरी फरक कळतो. हिवाळ्यात पाने पिवळी पडून वाळतात, तेव्हा माती उकरावी. खाली लोणच्यापुरती ओली हळद तयार असते.

तेव्हा यंदा उन्हाळा संपायच्या आत एका जुन्या बादलीला तळाशी भोके पाडा आणि हळद लावा. कोथिंबिरीची काळजी शेतकऱ्यावर सोडा. ते काम तो आपल्यापेक्षा चांगले करतो.