सेन्सर शे-दीडशेला मिळतो, पण वाफसा त्याला शिकवावा लागतो

गावोगावी मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की मोटार सुरू, गेली की बंद. रानाला पाणी हवंय की नको, हे ऑटोला कळत नाही. रात्रपाळीची लाईट असली की शेतकरी घरी झोपलेला आणि वाफे तुडुंब. त्यात २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. मोटार जादा चालली तरी खिशाला झळ बसत नाही. झळ बसते ती विहिरीला आणि मुळांना. काळ्या रानात पाणी साचलं की मुळांची हवा तुटते, मूळकुज लागते आणि टाकलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जातं.

पाणी कधी थांबवायचं, हे सांगायला मातीतला ओलावा मोजणारे स्वस्त सेन्सर कामी येऊ शकतात. ऑनलाइन ते शे-दीडशे रुपयांपासून मिळतात. मात्र घेताना दोन प्रकार ओळखावेत.

कोणता घ्यावा?

दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर मातीतून वीज सोडून ओलावा मोजतो. ओल्या मातीत त्याच्या दांड्या लवकर गंजतात. शिवाय ठिबकमधून खत सोडलं की मातीतले क्षार वाढतात आणि तो गरजेपेक्षा जास्त ओल दाखवतो. दुसरा कपॅसिटिव्ह, म्हणजे बंद पट्टीचा. त्याचा धातू मातीला लागत नाही, म्हणून तो जास्त टिकतो. फक्त वरचा सर्किटचा भाग पाण्यापासून झाकावा लागतो.

आकडा म्हणजे वाफसा नव्हे

मुरमाड रानात २० टक्के ओल भरपूर झाली, पण भारी काळ्या रानात तेवढ्याच ओलीवर पीक सुकू शकतं. त्यामुळे दुसऱ्याच्या रानातला आकडा आपल्याला चालत नाही. स्वस्त सेन्सर तर टक्केही देत नाही, नुसता आकडा देतो. बहुतेक कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये माती ओली झाली की तो आकडा उलटा कमी होतो.

उपाय सोपा आहे. पट्टी भाजीपाल्यात वीतभर खोल, मुळांजवळ, माती घट्ट दाबून बसवावी. ठिबकच्या अगदी थेंबाखाली नको. पाणी दिल्यावर रान वाफशावर आलं की त्या दिवशीचा आकडा वहीत लिहावा. माती मुठीत दाबून गोळा होईना, त्या दिवशीचाही लिहावा. या दोन आकड्यांच्या मधे आपलं पाणी.

मोटार लगेच जोडू नये

काळी माती वाळली की भेगाळते. पट्टीजवळ भेग पडली तर आत हवा शिरते आणि सेन्सर खालची ओल असूनही ‘कोरडं’ सांगतो. तार सैल झाली तरी भलताच आकडा येतो. अशा सेन्सरच्या भरवशावर मोटार सोडली, तर ऑटोचंच दुखणं परत. निदान एक हंगाम आकडा आणि हातातली माती ताडून बघावी. नंतर जोडलीच, तर मोटार जास्तीत जास्त किती वेळ चालेल, याचा टायमर सोबत हवाच.

पहिला प्रयोग परसबागेतच बरा. तिथे चुकलं तर कोथिंबिरीचा एक वाफा जाईल, डाळिंबाची बाग नाही.