लाज आपली, मार कुत्र्याला

पाहुण्यांसमोर कुत्रा कुणाच्या तरी पायाला विळखा घालून कंबर हलवू लागला की घरातले सगळे ओशाळतात. कुणीतरी लगबगीने विषय बदलतं आणि कुत्र्याच्या पाठीत चप्पल बसते. पुढच्या खेपेला पाहुणे यायच्या आधीच त्याला बाल्कनीत बांधतात. आपण कशामुळे चिडलो हे त्या जनावराला कळलेलं नसतं. माणसं आली की मार बसतो, एवढंच तो शिकतो आणि मग नुसती दारावरची बेल वाजली तरी बिथरतो.

हा प्रकार वासनेचाच असतो, असं आपण धरून चालतो. पण काही आठवड्यांची पिल्लंही खेळताना एकमेकांवर चढतात. माद्या चढतात, नसबंदी झालेले नरही चढतात आणि समोर कुणी नसेल तर सोफ्यावरची उशी पुरते. माजावर आलेल्या मादीचा वास लागला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी घरात अनेकदा कारण असतं ते अनावर उत्तेजना. गणपतीत घर भरतं, पोरं ओरडत पळतात, अनोळखी वास येतात; आनंद आणि धास्ती एकदमच दाटून येते. दिवसभर दोन खोल्यांत कोंडलेल्या, शी-शूपुरतंच खाली नेलेल्या कुत्र्याला हे सोसवत नाही, यात नवल ते काय?

‘तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय, त्याला जागा दाखवा,’ हा सल्ला तर त्याहून घातक. ही समजूत ज्या ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणाऱ्या, लांडग्याच्या कल्पनेवर उभी आहे, ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तरीही कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायला सांगणारे प्रशिक्षक आजही भेटतात. अशा वागणुकीने भेदरलेला कुत्रा उद्या चावू शकतो.

करायचं ते साधं आहे, पण नेटाने करावं लागतं. चढण्याआधी कुत्रा खुणा देतो: धापा टाकतो, एकाच माणसाभोवती घुटमळतो, हात चाटत राहतो. तेव्हाच हाक मारून त्याला बाजूला घ्या, बसायला सांगा, बसला की खाऊ द्या. चढलाच तर आरडाओरडा नको आणि हसणंही नको, कारण त्याला दोन्हीत लक्ष मिळतं. पट्टा धरून शांतपणे दुसऱ्या खोलीत न्या, चघळायला काही द्या, निवला की परत आणा. पाहुणे यायच्या आधी त्याला मनसोक्त हुंगू देत लांब फिरवून आणा. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मात्र पहिल्यापासूनच पट्टा हातात असू द्या. मोठ्या कुत्र्याच्या धक्क्याने माणूस पडतो.

ही सवय अचानक लागली, किंवा कुत्रा सारखा स्वतःला चाटतो, वारंवार लघवीला बसतो, असं दिसलं तर आधी पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा त्वचेची खाज यामागे असू शकते. नसबंदीने अनेक नरांमध्ये हे वागणं कमी होतं, सगळ्यांमध्ये नाही. अंगात मुरलेली सवय शस्त्रक्रियेने आपोआप जात नाही.

आणि ज्यांना चप्पलच सोपी वाटते त्यांच्यासाठी: प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ घरच्या कुत्र्यालाही लागू आहे. त्याला विनाकारण वेदना होतील अशी मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे आणि कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही.