सर, खो तुम्ही देऊ नका!

पोळ्याला गावी आलो होतो. गाव म्हणजे दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. (पुण्यातली मित्रमंडळी विचारतात, "म्हणजे नागपूरच ना?" नाही हो! नागपूरला उतरल्यावर आमचा खरा प्रवास सुरू होतो.) दोन दिवस आधीच आलो कारण भाचीचा खो-खोचा सामना होता. शालेय स्पर्धा, चौदा वर्षांखालच्या मुली. मैदान ओलं, आभाळ भरलेलं, आणि कडेला छत्र्या घेऊन आम्ही पंधरा-वीस पालक.

सामना सुरू झाला आणि दोन मिनिटांत माझं डोकं फिरलं.

भाची पाठलागावर. समोरची पोरगी चपळ, साखळी घालत एकेका बसलेलीच्या मधून सुळकन निघायची. आणि कडेवरून आमच्या संघाचे सर गळ्याच्या शिरा ताणून ओरडतायत, "दे! दे! दे! नको! आता दे!" प्रत्येक खो सरांचा. पोरींचे कान सरांकडे, डोळे अर्धे पळणारीकडे अर्धे सरांकडे. तीन वेळा उशिरा खो दिला म्हणून फाऊल झाला. पाळी संपली तेव्हा आमचे गडी बाद किती केले हे सांगायची लाज वाटते. आणि मग सरांनी सगळ्यांसमोर भाचीला उभं करून सुनावलं, "डोकं वापरत नाही!"

अहो सर, डोकं वापरायला तुम्ही जागा ठेवली होती कुठे?

घरी येताना ती गाडीवर मागे गप्प बसलेली. मग म्हणाली, "मामा, मले दिसत होता ना, ते तिकडं वळून रायली होती म्हून. मी देतच होती. पन सर 'नको' म्हनले. मंग का करू?"

हे वाक्य ऐकलं तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडी उजळणी. आठ जणी मध्यपाटीवर बसतात, एक आड एक उलट दिशेला तोंड करून. नववी पाठलाग करते. पळणारीला मध्यपाटी कुठूनही ओलांडता येते, पाठलाग करणारीला येत नाही. म्हणजे पळणारी पलीकडे गेली की आपला धंदा बंद. आपल्याकडे पाठ करून बसलेल्या मैत्रिणीला मागून हात लावून 'खो' म्हणायचं, ती पलीकडच्या बाजूला उठणार आणि आपण तिच्या जागी बसणार. तेव्हा पाठलाग करणारीला दर दोन-तीन पावलांना एकच प्रश्न असतो: स्वतः पुढे पळू की देऊन टाकू? सगळा खेळ या प्रश्नावर उभा आहे. आणि नेमका तोच प्रश्न आमच्याकडचे बरेच प्रशिक्षक पोरींच्या हातून काढून घेतात.

आता जरा इंजिनिअरगिरी करतो, माफ करा. दोन बसलेल्यांमधलं अंतर साधारण सव्वादोन मीटर. पोरगी जोरात पळत असेल तर सेकंदाला पाचेक मीटर जाते. सरांनी पाहिलं, ठरवलं, ओरडले, पोरीने ऐकलं, हात उचलला... या सगळ्याला अर्धा सेकंद धरा, हे मी सरांच्या बाजूने धरतोय. अर्ध्या सेकंदात पोरगी अडीच मीटर पुढे! म्हणजे ज्या मैत्रिणीसाठी 'दे' आलं ती मागे राहिली. तिची आडवी पाटी हातभरही रुंद नसते, आणि ती ओलांडल्यावर तिला खो देता येत नाही. दिला तर फाऊल, आणि फाऊल झाला की उलट दिशेला जा. आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात. ज्याच्यासमोर घटना घडतेय त्यालाच निर्णय घेऊ द्यावा, दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारायला जाऊ नये, हे आम्ही कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांनाही शिकवतो.

शिवाय एक गंमत सरांच्या लक्षातच येत नाही. पळणारीलाही कान असतात! सर 'दे' ओरडले की ती समजते कुठून कोण उठणार. फुकटची बातमी.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला आठ महिने अमेरिकेत ओमाहाला पाठवलं होतं. नेब्रास्का राज्य, म्हणजे मक्याची शेतं आणि अमेरिकन फुटबॉल. ऑफिसातले एक वयस्कर सहकारी मला घरी बोलावून जुने सामने दाखवायचे. तिथल्या विद्यापीठाच्या संघाचे टॉम ऑस्बर्न म्हणून प्रशिक्षक होते, १९७३ ते १९९७. त्यांच्या संघाने १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि त्यांचं मोठं हत्यार होतं 'ऑप्शन' नावाची चाल. पहिल्यांदा मला ओ की ठो कळलं नाही. कळलं तेव्हा उडालोच. अरे, हा तर खो-खो!

चाल अशी. समोरच्या बचावातला एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक चेंडू शेजारून धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो, क्षणभर दोघांचेही हात चेंडूवर, आणि क्वार्टरबॅकची नजर त्या मोकळ्या गड्यावर. तो धावणाऱ्यावर झेपावला तर चेंडू ओढून घे आणि स्वतः पळ. तो बाहेरच थांबला तर देऊन टाक. पुढे दुसरा मोकळा गडी येतो, तिथे परत तेच: स्वतः पळ, नाहीतर बाजूने येणाऱ्या साथीदाराकडे फेक. मोकळ्या सोडलेल्या गड्याला अडवायला माणूस खर्च होत नाही, तो बिचारा स्वतःच्याच निर्णयाने फसतो. म्हणून अंगापिंडाने लहान खेळाडू असलेल्या आर्मी आणि नेव्हीच्या संघांनीही ही चाल वर्षानुवर्षे वापरली.

आता यात प्रशिक्षक काय करतो? चाल कोणती ते सांगतो. बस्स. द्यायचा की ठेवायचा हे तो सांगत नाही, सांगूच शकत नाही. त्याचं काम सगळं आधीचं. सरावात तो स्वतः मोकळा गडी बनून उभा राहतो, कधी आत झेपावतो, कधी थांबतो, कधी हूल देतो. शेकडो वेळा. पोराला सगळं मैदान बघ म्हणत नाही, एका माणसाचे खांदे बघ म्हणतो.

आमच्याकडे हे करायला काय लागतं हो? मॅट नको, शिटी नको. दोन मुली बसवा, एक पाठलागाला, आणि सर तुम्ही स्वतः पळा. (पोट कमी होईल, तो वेगळा फायदा :) ) पोरीला सांगा, डोळ्यांकडे बघू नको, हातांकडे बघू नको, ते खोटं बोलतात. कंबर बघ. कंबर मध्यपाटीकडे वळली की खो. सरळ खांबाकडे चालली की स्वतः पुढे. ते जमलं की हूल द्यायला लागा. आणि चुकली की "का दिलास?" विचारू नका, "काय दिसलं?" विचारा. पहिल्या प्रश्नाला पोरगी मान खाली घालते, दुसऱ्याला उत्तर देते.

आता तुम्ही म्हणाल, बारा-तेरा वर्षांच्या पोरींना काय कळतंय, सरांना कडेवरून सगळं मैदान दिसतं. दिसतं ना, मान्य. कुठली पोरगी कुठे बसवायची, पळायला कुणाला कितव्या तुकडीत पाठवायचं, समोरची कोण दमलीय, तिला खांबाकडे रेटायचं का, हे सरांनीच ठरवावं. पण पोरींना कळत नाही हे साफ खोटं आहे. याच पोरी संध्याकाळी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत सरांशिवाय खेळतात. मी चहाचा कप घेऊन अर्धा तास बघत होतो. फाऊल जवळजवळ नाही! मोठ्यांच्या खेळातही पाठलाग करणाऱ्याचं स्वातंत्र्य वाढवायचा प्रयत्न झालाय. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा त्यात 'वजीर' आणला, जो कुठल्याही दिशेला वळू शकतो. वजीर कडेच्या आवाजावर खेळेल का?

सरांची बाजूही मला दिसते. खेळाच्या तासाला दुसरे विषय, मैदानावर पावसाळाभर चिखल, आणि हरलं की वरून प्रश्न सरांनाच. ओरडलं की निदान काम केल्यासारखं दिसतं. पण इथे निकाल नुसता चषकाचा नसतो. खेळाचे वाढीव गुण असतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आमच्या घरी तो सामना भाचीने टीव्हीला नाक लावून पाहिला. तिच्यासाठी हा खेळ म्हणजे गावाबाहेर जायचा एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर 'डोकं वापरत नाही' असा शिक्का घेऊन तिला जायचं नाहीये.

मला स्वतःला आठवीत संघातून काढलं होतं. कारण? सरांनी 'दे' म्हटल्यावर दिला नाही, पुढे पळालो आणि गडी बाद केला. गडी बाद झाला हो! तरी काढलं. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं मी प्रत्येक छोट्या गोष्टीला लीडच्या टेबलाशी जाऊन "हे करू का?" विचारायचो. दोन्हीचा संबंध आहे असं मी सिद्ध करू शकत नाही. मला तो वाटतो.

असो. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, लाकडी बैल मिरवून झाल्यावर, मीच पळणारा झालो. भाची पाठलागावर, तिच्या दोन मैत्रिणी बसलेल्या. पहिल्या दहा वेळा मी हूल देऊन निसटलो, फार शेफारलो. अकराव्या वेळी तिने डोळ्यांकडे बघणं सोडलं. त्यानंतर मी एकदाही निसटलो नाही, आणि शेवटी खांबाऐवजी जे झाड धरलं होतं त्याच्यावर गुडघा फोडून घेतला. उद्या सकाळी सहाला परत बोलावलंय. आयोडेक्स लावून झोपतो.