पहिल्या दोन दिवसांची मजुरी

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या हिवाळ्यात दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे बोटं वाकत नाहीत. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. कारखान्यातली पहिल्या पाळीची बाई अशा वेळी चारला उठते, डबा करते आणि फाट्यावर बसची वाट पाहत उभी राहते. ती पाच महिन्यांची गरोदर असेल, नाक वाहत असेल, तरी तिचं मागणं ठरलेलं असतं: "डॉक्टरसाहेब, सुट्टी नका लिहू, पावरची गोळी द्या."

आपण डॉक्टर तिला हट्टी म्हणतो. पण तिचा हिशोब पक्का आहे. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. मात्र आजाराचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आणि सर्दीत अंग सर्वांत जास्त मोडतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच. म्हणजे विश्रांती जेव्हा खरोखर हवी, नेमकी तेव्हाच ती बिनपगारी. ठेकेदाराकडची बाई तर विम्याचं कार्ड आहे की नाही, इथूनच चाचपडते. प्रसूतीची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, पण आठव्या महिन्यातली ती रजा पाचव्या महिन्यातल्या सर्दीला काय कामाची?

मग ती पावरची गोळी औषधाच्या दुकानातून घेते. आपल्या बाजारातल्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत बहुधा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. नाक मोकळं करणारी पोटात घ्यायची औषधं पहिल्या तीन महिन्यांत टाळलेली बरी. क्लोरफेनिरामिनने झोप येते, आणि हिला मशीनवर उभं राहायचं असतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन पडलं तर धोका आणखी मोठा: विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अँटिबायोटिकचं तर इथे कामच नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाइनचे थेंब, वाफ, गरज पडली तर साधं पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. घरच्या काढ्याला नाही म्हणू नका, फक्त त्यात ज्येष्ठमध किती पडतं ते विचारा.

पॅरासिटामॉलबद्दल सध्या बाया घाबरून विचारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत त्याचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला आणि ती बातमी मोबाइलवरून इथल्या वस्त्यांपर्यंत आली. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा असा संबंध दिसला नाही. तिला हे दोन वाक्यांत सांगा. ताप अंगावर काढणं गरोदरपणी अधिक वाईट.

ताप १००.४ च्या वर, धाप, किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल तर ती साधी सर्दी समजू नका. २००९ च्या स्वाइन फ्लूने गरोदर स्त्रियांना किती लवकर गाठलं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींनी वॉर्डात पाहिलं आहे. फ्लूचा संशय आला की तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. फ्लूची लस कोणत्याही महिन्यात चालते. धनुर्वाताच्या लसीबरोबर तिचंही नाव घ्यायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही, याचं वाईट वाटतं.

पण औषधाच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: कोणत्या खात्यात काम करता, कोणत्या पाळीला? सूतगिरणीत ब्लोरूम-कार्डिंगमधल्या कापसाच्या धुळीतली सर्दी आणि पॅकिंगमधली सर्दी सारखी नसते. रिंगफ्रेमवरची बाई आठ तास चालते. आपल्या चिठ्ठीवर 'विश्रांती घ्यावी' एवढंच असेल तर सुपरवायझर ती घडी करून खिशात घालतो. 'धुळीच्या खात्यात आणि रात्रपाळीत आठवडाभर काम देऊ नये, बसायला स्टूल द्यावं' असं लिहिलं तर त्याला काहीतरी करावं लागतं. तारखाही नीट घाला. भत्ता मिळालेल्या आजारानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ते दोन दिवस कापले जात नाहीत. चुकीच्या तारखेने तिचा हा हक्क जातो.

कारखान्यात वैद्यकीय अधिकारी असलेल्या वाचकांकडे एक मागणं आहे. गरोदर कामगार स्त्रीला, ठेकेदाराकडची असली तरी, तापाच्या आजारात पहिले दोन दिवस भरपगारी द्यावेत, असा लेखी प्रस्ताव याच महिन्याच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत मांडा. तुमच्या कारखान्यात गेल्या हिवाळ्यात अशा किती बाया होत्या, तो आकडा सोबत न्या. व्यवस्थापन पहिल्यांदा तोच विचारील.