स्वतःची कादंबरी आणि चारचौघांचे पुस्तक

साखळी, डिचोली, पेडणे या बाजूस लिहित्या माणसांची उणीव नाही. शाळामास्तर, कचेरीतील कारकून, संसारातून सवड काढून लिहिणाऱ्या भगिनी अशी दहाबारा मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर जमतात, एकमेकांचे लेखन ऐकतात, आणि एके दिवशी सर्वांचे मिळून एक पुस्तक काढावयाचे ठरते. मग संपादनाची माळ नेमकी त्याच्याच गळ्यात पडते, जो स्वतः काही मोठे लिहीत बसलेला असतो.

अशाच एका शिक्षकबंधूंनी विचारले आहे की, आधी काय पुरे करावे? खाणी येण्यापूर्वीच्या डिचोली तालुक्यावर ते कादंबरी लिहीत आहेत. निम्मी झाली आहे. डोंगर खणले जाण्यापूर्वीची शेते-कुळागरे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ती माणसे आज ऐंशीच्या पुढची. विचारून घ्यावयाचे ते आताच. इकडे संग्रहाचे काम वर्षभर रखडले आहे, आणि त्यात एका वृद्ध भगिनीचे लेखन जन्मात प्रथमच छापले जावयाचे आहे.

प्रश्न सोपा नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले व १९१७ पर्यंत चालविले. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्याच पत्रातून क्रमशः आली. पत्राची पाने भरावयाची म्हणून प्रकरणे लिहावी लागत. ज्या कामाने वेळ खाल्ला, त्यानेच लिहविलेही. तथापि याच हरिभाऊंची ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली, हेही विसरू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही अंगावर घेतले. १९१९ साली ते वारले, तेव्हा काव्याचा थोडाच भाग झाला होता. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. अशी सहधर्मचारिणी किती लेखकांच्या घरी असते?

आपल्या गोमंतकातील फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ साष्टीतील मिशनची कामे सांभाळून पुरे झाले व १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यांचे व्याकरण मात्र त्यांच्यामागे, १६४० साली, इतरांनी भर घालून प्रसिद्ध केले. व्याकरणात दुसऱ्याला भर घालता येते. कादंबरीचे तसे नाही. लेखकाच्या मनात राहिलेली प्रकरणे दुसरा कोण लिहिणार?

म्हणून या बंधूंना माझे सांगणे असे की, पहाटेचे दोन तास कादंबरीचे. त्या वेळेत संग्रहाचे एकही पत्र उघडू नये. म्हाताऱ्यांकडे जाण्यास रविवारची दुपार राखून ठेवावी आणि ती कोणत्याही बैठकीस देऊ नये. संग्रह सोडावा असे मी म्हणत नाही. एकट्याने वाहू नये एवढेच म्हणतो. निवड तिघांनी करावी, वर्गणी व छापखान्याचा हिशेब ज्याला आकड्यांची आवड आहे त्याने पाहावा, मुद्रिते ज्याची दृष्टी तीक्ष्ण त्याने तपासावीत. नाहीतर आपल्याकडे संपादक म्हणजे घरोघर फिरून मजकूर गोळा करणारा, रुसलेल्यांची समजूत काढणारा आणि शेवटी पदरचे पैसे घालणारा असाच समज आहे! कादंबरीतील एखादे प्रकरण संग्रहात घालण्यास हरकत नाही, परंतु इतरांना दिली तेवढीच पाने स्वतः घ्यावीत.

मजकूर देण्याची तारीख एकदा ठरली की ती कुणाच्या भिडेखातर पुढे ढकलू नये. त्या वृद्ध भगिनीची पाने मात्र सर्वांआधी जुळवून घ्यावीत, आणि पहिले मुद्रित त्यांच्या घरी नेऊन त्यांना वाचून दाखवावे. त्यासाठी उरलेल्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही.