तोरणाचे पान

दिवाळीचे तोरण ओवताना आंब्याचे पान जरा न्याहाळून पाहा. रत्नागिरीकडे कलमाचे मूळ रायवळचे, वरची काडी हापूसची. म्हणून बागेतली सारी कलमे वरून एकाच रक्ताची. पानाचा आकार, पालवीचा तांबूसपणा त्या रक्तातला. पोषण मात्र जमिनीचे, आणि जांभ्यातले क्षार तर पाऊस धुऊन नेतो. पालाश कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना पुरवते. जुन्यांच्या कडा करपतात. (घरोघरी तेच!) लोह असे हलत नाही, ते कमी पडले तर पालवीच पिवळी.

आमच्या शेजाऱ्यांनी अशा करपल्या कलमावर, 'फसवे निघाले' म्हणत, कुऱ्हाड उगारली होती. म्हटले, राख नि शेणखत घाला, दोन पावसाळे थांबा. यंदाचे आमचे तोरण त्याच कलमाचे आहे.